तीन घंट्यांची दोरी

मी एक दोरी बोलतेय. विहिरीची नाही की गोठ्यातली नाही. लाल गाडीत मागच्या सीटपासून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत छताला लागून जी मळकी दोरी गेलेली असते, कंडक्टरनं ओढली की पुढे टण् वाजतं, ती मी. तुम्ही माझ्याखाली शंभरदा बसला असाल, पण मान वर करून कधी पाहिलं नसेल. मी मात्र तुम्हाला पाहिलंय. कोणाच्या पिशवीत काय, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची सून माहेरी गेली ती अजून का परतली नाही, सगळं मला ठाऊक असतं. याला कोणी चोंबडेपणा म्हणेल. म्हणू दे. इतक्या लोकांच्या डोक्यावरून जन्म काढायचा आणि कान मिटून घ्यायचे, हे काही मला जमलं नाही.

गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात मी मोठ्या रिळावर गुंडाळलेली होते. तेव्हा माझा रंग पांढरा होता, आता सांगून खरं वाटणार नाही. वर्कशॉपमधल्या चुन्नीलाल मिस्त्रीनं मला मापून कापलं, टोकं उसवू नयेत म्हणून काडी लावून जाळली, आणि छताच्या कड्यांमधून ओवून पुढच्या घंटीला बांधलं. मग मला दोन झटके देऊन शिकाऊ पोरांना म्हणाला, "एक मारली तं थांबाचं. दोन मारल्या तं चालाचं. तिसरं काही नसते."

हेच माझं शिक्षण. एवढ्यावर मी कितीतरी वर्षं काढली. गोंदियावरून आमगाव, देवरी आणि मग जंगलातून चिचगड, तीच वाट परत. कंडक्टर बदलत गेले, प्रत्येकाचा हात वेगळा. घनश्याम नावाचे एक होते, ते बैलाचं शेपूट पिळल्यासारखे ओढायचे. दुसऱ्या एकाचा हात कायम तंबाखूचा. माणूस भांडून घराबाहेर पडला की नाही, हे मला त्याच्या पहिल्या घंटीवरून कळायचं.

मग या गाडीवर मंजू आली.

खाकी कपडे, गळ्यात तिकिटाचं मशीन, केसांचा घट्ट अंबाडा. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. दोन बोटांनी ओढायची मला, हळू पण नेमकी. टण् टण्. दोन्ही घंट्या सारख्या. सासर कामठ्याचं, पण पहाटेच्या गाडीसाठी गोंदियात एक खोली घेऊन एकटी राहायची. नवरा भोजराज हैदराबादला कंपनीत. दिवाळीला आठ दिवस यायचा आणि जायचा. गाडीत साठ माणसं कोंबलेली असली, तरी तिच्याइतकं एकटं माणूस मी त्या गाडीत पाहिलं नाही. सगळे तिच्याशी बोलायचे, पण काय? पुढचं गाव कधी, गाडी उशिरा काऊन, सीट काऊन नाही. तिची विचारपूस कोणी करायचं नाही.

त्या दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी मला काही गोष्टी दिसायला लागल्या. मशीन ती पोटावर घ्यायची, ते सरकवून कमरेच्या बाजूला घ्यायला लागली. डाव्या हातानं सीटचा दांडा धरल्याशिवाय मला हात लावेना. पाण्याची बाटली सकाळी भरून आणायची ती संध्याकाळी तशीच भरलेली परत जायची. का, ते बाईमाणसाला सांगायला नको. रस्त्यात उतरून जायचं कुठं? चैतरामभाऊ, म्हणजे आमचा ड्रायव्हर, गाडी थांबवून झाडामागे जाऊन यायचा. तिला ते कसं जमणार?

चिचगडला दुपारी गाडी अर्धा तास उभी असते. चैतरामभाऊ चहाला गेला की गाडीत ती आणि मी. ती मागच्या सीटवर बसून भोजराजला फोन लावायची. एकदा तिनं पिशवीच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला आणि फोनवर हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाईनं लिहून देलं. धक्क्याचं काम नको, बसून काम द्या म्हणून." तिकडून तो काहीतरी बोलला. ती म्हणाली, "हो, साहेब देतील. पण मागाव लागते ना. मागाचं म्हणजे सांगाचं." मग जंगलातलं नेटवर्क गेलं. तिनं कागद पुन्हा घडी करून ठेवला.

सांगायला ती का भीत होती, तेही ऐका. आदल्या वर्षी असेच दिवस गेले होते तेव्हा तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. डेपोत पेढे वाटले, कामठ्यात सासूनं, सुशिलाबाईनं, आळीभर सांगितलं. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हा ज्यांनी पेढे खाल्ले, त्या प्रत्येकाला तिला पुन्हा एकदा उत्तर द्यावं लागलं. महिनाभर गाडीत चढणारी एखादी बाई विचारायचीच, "किती महिने झाले आता?" आणि मंजू तिकीट फाडल्यासारखं एका दमात सांगून मोकळी व्हायची. म्हणून या वेळी सासूनं बजावलं होतं, पाचवा लागेपर्यंत भिंतीलाही कळू द्यायचं नाही. मंजूचा असल्या गोष्टींवर अर्धाच विश्वास. पण पोटात बाळ असलेल्या बाईला अर्धा विश्वासही पुरतो.

तर कागद पिशवीत, बाळ पोटात, आणि रस्ता तसाच.

चिचगडपासून चार-पाच किलोमीटरवर नाल्यावर एक रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. त्याचं सिमेंट उखडलंय. चैतरामभाऊ गाडी तिथून अशी काढायचा की मागच्या सीटवरचे लोक माझ्याशी गळाभेट घेऊन खाली यायचे. पौषातल्या एका सकाळी रपटा दिसताच मंजूनं मला ओढलं. पहिल्यांदा इतकं हळू की घंटी वाजली की नाही असं वाटावं. मग आणखी दोनदा. टण्... टण् टण्.

चैतरामभाऊनं आरशात पाहिलं. "काय झालं वो बाई? तीन घंट्या कोण्या पुस्तकात हायेत?"

"हळू घ्या, भाऊ," मंजू म्हणाली. "कंबरेत चमक भरली माह्या."

तो पुटपुटला, पण गाडी त्यानं पहिल्या गिअरवर टाकली आणि रपटा असा ओलांडला, जशी काही गाडीत अंडी भरलीत. त्या दिवसापासून आमची तिसरी बोली सुरू झाली. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल, तीन म्हणजे हळू. चुन्नीलालनं मला जे शिकवलं नव्हतं ते मंजूनं शिकवलं. मला त्याचं किती कौतुक वाटलं म्हणून सांगू. रपट्यावर, आमगावच्या खड्ड्यांवर, देवरीच्या गतिरोधकावर तिची तीन बोटं माझ्यावर यायची. दोन बोटं घंटी वाजवायला आणि तिसरं उगीच, आधाराला.

पण चैतरामभाऊच्या तोंडात तीळ भिजत नाही. मंजूबाईच्या कंबरेची गोष्ट त्यानं आठवड्यात सगळ्या गावांना कळवली. मग औषधांचा पूर आला. कोणी मोहाच्या बियांचं तेल आणलं, कोणी मलम. चिचगडच्या जमुनाबाईनं, जी बाजाराला जंगलातला माल घेऊन जायची, घरच्या झाडाची पिकलेली पपई आणून मंजूच्या हातात ठेवली. "खाऊन टाक. पोट साफ तं कंबर साफ."

मंजूला पपई किती आवडते, हे त्या गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात फाक तोंडात ठेवून तिकिटं देताना तिला लोकांनी पाहिलं होतं. या वेळी तिनं थँक्यू म्हटलं आणि पपई माझ्याखालच्या फळीवर ठेवून दिली. दोन दिवस ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशी माशा बसायला लागल्या.

जमुनाबाईनं फळीकडे पाहिलं, मग मंजूकडे, मग पुन्हा फळीकडे. परतीच्या गाडीत गर्दी ओसरल्यावर ती मंजूच्या बाजूला येऊन बसली. "काऊन वो माय, कंबरेची चमक पपईले कधीपासून भिऊन राहिली?"

मंजू खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला बरोबर प्रश्न विचारला होता.

"कोणाले सांगू नको, मावशी."

"मी कोणाले सांगतो? माहा ऐकतेच कोण?" जमुनाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, जसं लहान मुलीचं पुसतात. "पण कागद काऊन नाई देत तू?"

"देल्ला म्हणजे सगळ्यायले माहीत होते. माहीत झालं का मागच्यावानी..." पुढचं मंजूनं गिळलं.

जमुनाबाईनं वाद घातला नाही. तेवढ्यापुरती ती शहाणी निघाली. मात्र त्या दिवसापासून जेव्हा जेव्हा ती गाडीत असायची, तेव्हा कंडक्टरच्या सीटवर आपलं गाठोडं टाकून ठेवायची आणि कोणी बसायला आलं की म्हणायची, हे मालकिणीचं आहे. चिचगडला दुपारी मंजूला आपल्या घरी न्यायची, म्हणजे तिला मोरीला जाता यायचं. बाटली रिकामी परत यायला लागली. मी मनात म्हटलं, आता लागेल हे जहाज किनाऱ्याला.

फाल्गुन आला. जंगलात मोह टपकायला लागला, गाडीभर तो गोड वास. पाचवा लागायला नऊ दिवस राहिले होते. मंजू फोनवर बोटं मोजून सांगायची म्हणून मलाही पाठ. नेमका त्याच आठवड्यात चैतरामभाऊ भाचीच्या लग्नाला सुट्टीवर गेला. त्याच्या जागी छोटेलाल नावाचा नवा ड्रायव्हर आला, गोंदिया शहरातला. तरुण, नीटनेटका, नियमाचा पक्का. मंजूनं सकाळी निघताना दोनदा त्याच्या केबिनपर्यंत जाऊन तोंड उघडलं आणि परत आली. तीन घंट्यांचा अर्थ सांगायचा तर कारण सांगावं लागलं असतं. कंबरेचं सांगता आलं असतं, पण खोटं एकदा जिभेवरून उतरलं की दुसऱ्यांदा चढायला जड जातं.

देवरीच्या बाजाराचा दिवस. जाताना गाडी रिकामी होती, रपट्यावर ती सीटवर घट्ट बसून राहिली. पण चिचगडवरून परत निघताना गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. जमुनाबाई मोहफुलांची टोपली घेऊन मागे बसलेली. मंजू मधे उभी, एका पोत्याला खेटून. समोर रपटा दिसला, आणि तिचा हात सवयीनं वर आला.

टण्.

तेवढंच झालं. दुसरी वाजायच्या आत छोटेलालनं ब्रेक दाबला. एक घंटी म्हणजे थांब. त्याचं काही चुकलं नाही. माझंही म्हणाल तर चुकलं नाही, जशी ओढली तशी मी वाजले. पण त्या क्षणी मी तुटले असते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. साठ माणसं एकदम पुढे गेली. मंजूच्या हातून मी सुटले, आणि ती सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटली. मशीनचा पट्टा तुटला. जमुनाबाईची टोपली उलटून मोहाची फुलं सगळ्या गाडीत पसरली.

मागून कोणीतरी ओरडलं, झोपेत घंटी मारते का ही बाई. छोटेलाल वळून म्हणाला, "मॅडम, एक घंटी बजी तो हमने रोक दी. हुआ क्या?"

मंजू खाली फुलांत बसली होती. दोन्ही हात पोटावर. तिनं एकदा जमुनाबाईकडे पाहिलं, मग सगळ्या गाडीकडे, आणि जे तिनं चार महिने भिंतीलाही सांगितलं नव्हतं ते साठ माणसांना सांगितलं.

"माह्या पोटात बाळ आहे. दवाखान्यात न्या मले."

मग जमुनाबाई उठली, तिनं मंजूचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पुढे आवाज दिला, "ड्रायव्हर, आता असा ने बाबा, का पाणी हलू नये."

तिथून देवरी पंधरा किलोमीटर. वाटेत सात थांबे. एरवी प्रत्येक थांब्यावर मला दोनदा ओढतात, उतरणारे आधीपासून दंगा करतात. त्या दिवशी ज्याचं गाव आलं तो खिडकीतून आपलं गाव मागे जाताना पाहत बसला. एका सासऱ्याला सुनेच्या माहेरी जायचं होतं, त्यानं आहेराची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि तोंडातून शब्द काढला नाही. झोपेत घंटी मारते म्हणणारा माणूस मंजूच्या पायाशी बसून फुलं गोळा करत होता, एकेक करून. छोटेलालनं एकही खड्डा गाडीला जाणवू दिला नाही. पंधरा किलोमीटर मला कोणी हात लावला नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत मुका प्रवास.

दवाखान्याच्या दारात चार बायांनी तिला हातांच्या पाळण्यात उचललं. उतरताना तिनं पिशवी मागितली, आतल्या कप्प्यातला कागद काढला आणि छोटेलालच्या हातात दिला. "डेपोत साहेबायले द्या."

मग ती गेली, आणि मला पुढचं कळेना. दोरीला कोण सांगायला येतं?

चैतरामभाऊ लग्नाहून परतला. गाडी रिकामी असताना तो आत आला, मला धरून बराच वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जमुनाबाईला एवढंच म्हणाला, "तीन म्हणजे हळू, एवढं त्याले सांगून जाचं होतं मीनं." तिनं मान हलवली. बाळाचं काय झालं, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मागच्यासारखं आलं तर? मंजूची भीती आता त्या दोघांना लागली होती. नवा कंडक्टर आला, त्याचा हात कोरडा, दोन घंट्या ठणठणीत. रपट्यावर कोणी मला ओढत नव्हतं, तरी चैतरामभाऊ गाडी पहिल्या गिअरवर टाकायचा.

असे वीसेक दिवस गेले असतील. गोंदियाच्या स्टँडवर आम्ही फलाटाला लागलो होतो. भोंगा खरखरला आणि आवाज आला, "आमगाव, देवरी मार्गे चिचगडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. प्रवाशांनी सावकाश चढावे."

मी तो आवाज ओळखला नसता तर माझं कडीतलं आयुष्य फुकट होतं. मंजूला चौकशीच्या खिडकीत बसून काम मिळालं होतं. आणि ते 'सावकाश'. दुसरा कोणी ते म्हणत नाही. कोणाच्या कागदावर ते लिहिलेलं नाही. ते माझं होतं, आमच्या तिसऱ्या घंटीचं. आवाज ताठ होता, त्यात रडं नव्हतं. म्हणजे अजून सगळं ठीक होतं.

चैत्र गेला, वैशाख गेला. रोज सकाळी मी तो आवाज ऐकायची आणि त्यातून काय कळतं ते शोधायची. आषाढात आवाजाला दम लागायला लागला. 'फलाट क्रमांक' म्हटल्यावर ती थांबायची, मग 'चार' म्हणायची. मला त्या दमाचा किती आनंद व्हायचा. आणि मग एक दिवस भोंग्यातून भलत्याच माणसाचा आवाज आला. त्यात सावकाश नव्हतं. जमुनाबाईनं विचारलं तेव्हा चैतरामभाऊ म्हणाला, सुट्टीवर गेली, माहेरी आहे म्हणतात. पुढचं तिनं या वेळीही कोणाला कळवलं नव्हतं.

पावसाळा, दसरा, दिवाळी. भोजराज या दिवाळीला आला का? मला ठाऊक नाही. धान कापून झालं. मी रोज ऐकत राहिले आणि रोज तो परका आवाज.

मग माघातल्या एका सकाळी भोंगा खरखरला. "आमगाव, देवरी मार्गे चिचगडला..." तीच. माझा प्रत्येक पीळ ताठ झाला. "...फलाट क्रमांक चारवर उभी आहे. प्रवाशांनी..." आणि तिथं तिच्या आवाजामागून दुसरा एक आवाज भोंग्यात शिरला. बारीक, चिडलेला, भुकेला. अख्ख्या स्टँडवर एक बाळ टाहो फोडून रडलं. मागून एका बाईचा आवाज, मंजूची सासू सुशिलाबाईच असणार, "अगं बंद कर ना ते बटन." आणि मंजूचं हसू. हसू! ते मी गाडीत कधी ऐकलं नव्हतं. मग घाईघाईनं, "सावकाश चढावे," आणि खट्.

फलाटावरचे लोक हसले. चैतरामभाऊ स्टेअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. त्यानं डोळे पुसले, मग डोक्यावर हात नेला, मला धरलं आणि ओढलं. टण्. टण् टण्.

कंडक्टर धावत आला, काय झालं म्हणून. "काई नाई," तो म्हणाला. "हळू चालू, म्हणलं."

मुलगा की मुलगी, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्यासारखीला ही किती मोठी शिक्षा आहे, ते तुम्ही समजू शकता. चौथ्या फलाटापासून तिची खिडकी साठ पावलांवर. ती पुन्हा या गाडीत चढली नाही, कशाला चढेल? ती रोज बोलते आणि मी ऐकते, आणि मी ऐकते हे तिला माहीत नाही.

आता नव्या गाड्या आल्यात. त्यांत माझ्या जागी लाल बटन असतं. चुन्नीलाल मिस्त्री परवा येऊन टाकीवर खडूनं खूण करून गेला. पुढच्या महिन्यात ही गाडी भंगारात निघणार, आणि गाडीबरोबर मीही. त्याचं दुःख नाही. माझे धागे पांढऱ्याचे काळे झाले, मधे दोन ठिकाणी उसवलेत. मात्र जाण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या गाडीत एखादी खाकीतली बाई डाव्या हातानं दांडा धरून उभी दिसली, बाटलीतलं पाणी पीत नसली, फळीवरचं फळ खात नसली, तर तिला पुढचं गाव कधी येतं ते विचारू नका. बाजूला सरका. गाठोडं उचला. मग हळूच विचारा, चोंबडेपणा म्हटलं तरी चालेल.

आणि कधी गोंदियाला चौथ्या फलाटावर आलात, तर त्या खिडकीशी जाऊन एवढं पाहून या, मुलगा आहे की मुलगी. परत येऊन मला काही सांगू नका, मला ऐकू येतं पण तुम्हाला ते खरं वाटणार नाही. नुसतं मागच्या सीटपाशी उभं राहून मला ओढा. मुलगा असेल तर एकदा, मुलगी असेल तर दोनदा.

आणि मायलेकरं दोघंही सुखात असतील तर, तीनदा.